आप्पांच्या खिशातली वायर

आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या खैरनार आप्पांची बेल वाजवलीत, की दाराच्या भिंगातून एक डोळा तुम्हाला न्याहाळतो आणि आतून प्रश्न येतो, "कोन शे?" तुम्ही त्यांना दिसत असता, सकाळीच जिन्यात भेटलेले असता. तरी नाव आणि फ्लॅट सांगितल्याशिवाय कडी निघत नाही. कॅनडातल्या मुलाने एकदा नव्या नंबरवरून फोन केला, तर आप्पांनी तो कापला आणि जुन्या नंबरवर उलटा फोन लावून विचारलं, "आत्ता तूच होतास का रे?"

आप्पा मूळचे सटाण्याकडचे. नोकरीची सगळी वर्षं सातपूरच्या कारखान्यात यंत्रांची तपासणी करण्यात गेली. काकू जाऊन बराच काळ झाला, तेव्हापासून एकटेच असतात. एरवी शहरी मराठी बोलतात, पण संशय आला की अहिराणी वर येते. आणि संशय त्यांना उठता-बसता येतो.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. गंगापूर रोडवर माझं मेडिकल आहे, तेव्हा कटकट्या माणसांची हिला सवय असेल असं ठरवून सगळ्यांनी ते पद माझ्या गळ्यात मारलं. वर बिल्डरने इमारत 'स्मार्ट' करून दिलेली. तळमजल्यावर मीटर रूममध्ये एक पांढरी पेटी आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, गेट, पार्किंगचे दिवे, सगळे तिच्या हुकमात आणि ती मोबाइलच्या हुकमात. गोव्यात बसून नाशिकचा पंप चालू करता येतो याचं आमच्या अध्यक्षांना, कुलकर्णींना, कोण कौतुक! एकदा त्यांनी तो खरंच गोव्याहून चालू केला. टाकी भरलेली होती, त्यामुळे गच्ची धुऊन निघाली.

खंडेनवमीला आम्ही त्या पेटीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. फोटो ग्रुपवर गेला आणि तिथून सगळ्यांच्या नातेवाइकांकडे. संध्याकाळी आप्पा दुकानात आले, गिऱ्हाइकांना बाजूला सारून त्यांनी तो फोटो मोठा करून माझ्या नाकासमोर धरला. हारामुळे पेटी झाकली गेली होती. फक्त कंपनीने चिकटवलेली चिठ्ठी तेवढी स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यावर छापलेला पासवर्ड.

"ताई, घरनी किल्लीना फोटू आपनच वाटी दिन्हा!"

पासवर्ड तिथल्या तिथे बदलला. पण आप्पांचं समाधान होईना. त्यांनी कंपनीला फोन लावला (नंबर अर्थातच स्वतःकडचा) आणि खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की पेटीच्या सॉफ्टवेअरमध्येच एक भोक आहे, त्यातून पासवर्डशिवायही कुणी आत शिरू शकतं, आणि दुरुस्ती तयार व्हायला वेळ आहे. आप्पा तडक खाली गेले, पेटीची इंटरनेटची वायर उपसली, गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली.

"लिफ्ट चालंल, पंप चालंल. फक्त बाहेरून कोनी हुकूम देनार नाय. भोक बुजलं की वायर परत."

तेव्हापासून ज्याला वायर हवी त्याने पाचव्या मजल्यावर जायचं. दर मंगळवारी कंपनीकडून मालेगावचे शेखभाई पेटी तपासायला येत.

"कोन शे?"

"शेख, आप्पा."

"कोन्ता शेख?"

"वोही, पिछले मंगल का!"

मग कार्ड बघायचं, मग आल्याचा चहा, मग दोघांनी गप्पा मारत खाली जायचं. काम होईपर्यंत आप्पा शेजारी उभे आणि संपलं की वायर पुन्हा खिशात. शेखभाई आप्पांच्या नावाने बोटं मोडत, पण चहा सोडत नसत.

कुलकर्णींचं अॅप बंद पडलं होतं. वायर काढून घ्यायला त्यांनी मीटिंग लावली. नेमकं त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीत, अगदी तशाच पेटीत, बाहेरचं कुणी घुसलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बाई भाजीच्या पिशव्यांसह, आणि गच्चीवरून पाण्याचा धबधबा. आमच्या मीटिंगमध्ये आप्पांचं सगळ्यात लांबलचक कौतुक कुलकर्णींनी केलं.

शेवटी दुरुस्ती आली. शेखभाईंनी ती बसवली, शिवाय पेटी आणि इंटरनेट यांच्यामध्ये ओळखीच्यांनाच आत सोडणारं एक राखणदार यंत्र लावलं. आप्पांनी दुपारभर स्वतःच्या मोबाइलवरून घुसायचा प्रयत्न केला. जमलं नाही तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले. मग खिशातून वायर काढली आणि स्वतःच्या हाताने जागेवर लावली.

"आता अडवून धरली तर तो माझा हट्ट व्हईल," म्हणाले. असा सरळ माणूस मी कमिटीत पाहिलेला नाही.

नंतरच्या मंगळवारी मी एका सहीसाठी त्यांच्याकडे गेले. नाव सांगितलं, फ्लॅट सांगितला, कडी निघाली. ओट्यावर आलं किसून ठेवलेलं, सुकत चाललेलं. आप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"शेख येऊन गेला. खालूनच. वरून त्याची गाडी दिसली. बरोबरच शे त्याचं. वर यायचं कारन काय आता?" मग सही करताना मान वर न करता म्हणाले, "वायर व्हती तवा घरात मानसं येत व्हती, ताई."

एवढे दिवस आम्ही म्हणत होतो, आप्पांनी इमारत वेठीला धरली आहे.

मग मी सेक्रेटरीपणा दाखवला. त्याच आठवड्यात नियम केला: पेटीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आधी आप्पांकडून ओळख पटवून घ्यायची. आप्पांनी अपेक्षेप्रमाणे खोट काढली. "राखनदार बसवला ना? मग याची गरज शे का?"

"यंत्र इंटरनेटवरून घुसणाऱ्याला अडवतं, आप्पा. दारातून आलेला माणूस कोण ते कुणी विचारायचं?"

त्यांनी बराच विचार केला. "हे मात्र खरं शे," म्हणाले.

पुढच्या मंगळवारी शेखभाईंबरोबर मीही वर गेले. बेल वाजवली. भिंगात डोळा नाही, प्रश्न नाही, दार सरळ उघडलं. शेखभाई सवयीने खिशात कार्ड शोधू लागले.

"राहू दे रे ते. आधी आत ये, चहा निवतो."

सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठीच चूक. सेक्रेटरी म्हणून मी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. मी चपला काढल्या आणि शेखभाईंच्या मागोमाग आत गेले.