शून्य धुराची शववाहिका

"रस्त्यावर विजेच्या गाडीचा आकडा शून्य येणार. शून्य म्हणजे शून्य!" इंजिनिअर बोरिवोयेने नगरपालिकेच्या बैठकीत छाती फुगवून सांगितलं. तिमोक नदीकाठच्या गावांसाठी नवी शववाहिका घ्यायची होती. कोणत्या इंधनाने हवा कमी तापते ते तपासून त्याच संध्याकाळी निकाल सांगायचं काम त्याच्याकडे होतं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "पण वीज कोळशाचीच ना?" "कोळशाचा धूर वेगळा धरलाय. तो जोडूनही हीच जिंकणार," म्हणत त्याने तो प्रश्न माशीसारखा झटकला.

गाड्या तीन मागवल्या होत्या. एक डिझेलची, एक हॉटेलांतल्या तळणीच्या तेलावर चालणारी आणि एक विजेची. रस्ता तोच, वेग तोच, वजनही तेच हवं. वजनासाठी त्रायलो आबाने स्वतःची शवपेटी दिली. तिकडे म्हातारे आपली पेटी आधीच करून माळ्यावर ठेवतात. आबाच्या पेटीत एरवी घेवडा असायचा. बोरिवोयेने तीत वाळूची पोती भरली. पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत पार पडल्या. इंजिनाची घरघर ऐकून लोक फाटकात आले, टोप्या काढून उभे राहिले. पेटीत वाळू आहे हे ठाऊक असूनही दोघीतिघींनी डोळे पुसले.

तिसऱ्या फेरीला भर दुपारी धुकं उतरलं. विजेच्या गाडीला धुराची नळीच नाही, पण नियमाप्रमाणे धूर आणि कार्बन वायू मोजणारं यंत्र सोबत हवं. म्हणून बोरिवोयेने ते मागे पेटीला टेकवून ठेवलं आणि त्याचा पडदा पुढे मांडीवर घेतला. ड्रायव्हर झिकाने गाडी सोडली. आवाज नाही, थरथर नाही. धुक्यातली घरं आपणहून मागे सरकू लागली. एका फाटकात एक बाई बादली घेऊन पाठमोरी उभी होती. गाडी तिच्या झग्याला घासून गेल्यासारखी गेली, तरी तिने मान वळवली नाही.

"साहेब," झिका हळूच म्हणाला, "आपण दिसतोय ना लोकांना?"

"तू पुढे बघ."

बोरिवोये मात्र पडद्याकडे बघत होता. आकडा शून्यावर नव्हता. तो वर जात होता, थोडा खाली येत होता, पुन्हा वर. संथ, नेमाने. गाडीत काहीही जळत नव्हतं.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला.

"बिघडलेलं यंत्र श्वास घेतं होय?"

"वाळू पण घेत नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

मागून टकटक झाली.

झिकाने ब्रेक दाबला, उडी मारली आणि थेट पलीकडच्या कुंपणामागे जाऊन उभा राहिला. यंत्र बोरिवोयेच्या नावावर होतं, त्यामुळे मागचं दार त्यालाच उघडावं लागलं. पेटीचं झाकण सरकलं. आधी एक हाडकुळा हात आला, मग त्रायलो आबाचं डोकं.

"आली नाही ती," आबा म्हणाला.

"आबा! वाळू कुठंय?"

"एक पोतं पायाशी आहे. बाकीची तुम्ही जेवत होतात तेव्हा काढली. फ्लोरिका आली नाही रे. माझी धाकटी बहीण. अक्रोडाच्या झाडावरून आमचं बोलणं बंद आहे. म्हटलं, मी गेल्यावर ती फाटकात येते का, ते डोळ्यांनी बघून घ्यावं. फटीतून बघत होतो. बादली घेऊन उभी होती, तिला ऐकूच आलं नाही. तुझी गाडी भुतासारखी चालते."

बोरिवोयेला वाईट वाटलं, पण निकालाची संध्याकाळ जवळ आली होती. "फेरी परत करावी लागणार. उतरा."

"पेटी माझी आहे," आबाने काठ घट्ट धरले. "फेरी कर. पण तू पुढे चालायचं आणि माझं नाव पुकारायचं."

आबाचा श्वास लागू नये म्हणून बोरिवोयेने यंत्र काढून गाडीच्या मागे, बाहेरून बांधलं आणि गाडीपुढे चालू लागला. "त्रायलो चालला हो, त्रायलो चालला!" त्याचाच आवाज धुक्यातून दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा परत येत होता. मागे गाडी आहे की नाही, हेही कळत नव्हतं. फाटकाफाटकांत चेहरे उगवले.

फ्लोरिकाच्या हातून बादली पडली. ती आत धावली आणि पेटती मेणबत्ती घेऊन आली. अंत्ययात्रेने जवळच्या माणसाच्या दारी थांबायचं असतं, म्हणून झिका थांबला. तिने मागचं दार उघडलं आणि पेटीवर हात ठेवला.

"दादा, अक्रोड तुझाच होता," ती हुंदके देत म्हणाली. "तू तोडतो म्हणालास, म्हणून मी माझा म्हटलं."

"इंजिनिअर," पेटीतून आवाज आला, "ऐकलंस ना? साक्षीला राहा."

फ्लोरिका किंचाळली नाही. तिने मेणबत्ती फुंकून विझवली. "तोडलास तर खरंच पुरीन तुला. ऊठ, सूप निवतंय." आबाचा हात बाहेर आला. तिने तो धरला आणि घरात जाईपर्यंत सोडला नाही.

मेणबत्तीचा धूर वळसे घेत निघाला आणि सरळ यंत्रात शिरला. चौथ्या फेरीला वेळ उरला नव्हता.

संध्याकाळी अध्यक्षीणबाईंनी आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. "तुमची विजेची गाडी तर डिझेलच्याही वर गेली. नळीच नाही, तर मग हा धूर कशाचा?"

बोरिवोयेने बुटांकडे बघत घसा खाकरला.

"बहिणीचा," तो म्हणाला.