राहिलेल्या दोन फेऱ्या

"आकाशपाळण्यात मी फक्त आजोबांबरोबरच बसणार," असं ऋचाने पोहे खाता खाता जाहीर केलं आणि गोपाळकृष्ण खांबेटे ऊर्फ नाना यांच्या घशात शेंगदाणा अडकला.

तिचा आठवा वाढदिवस होता. हडपसरच्या पुढे 'गगनझेप' नावाचं नवं मनोरंजन उद्यान झालं होतं आणि नानांच्या मुलाने, केदारने, तिकिटं आधीच काढून ठेवली होती.

"अगं, बाबांबरोबर बस ना," नाना पाण्याचा घोट घेऊन म्हणाले.

"बाबांनी कुठे तोरणा सर केलाय?"

नानांनी केला होता. राजगड तर तीनदा, त्यात एकदा दाट धुक्यात. हे सर्व पराक्रम ऋचाला झोपवताना झालेले होते. प्रत्यक्षात नाना पर्वतीच्या पहिल्या पायरीच्या वर कधी गेले नव्हते. चाळीस वर्षं कुसुमताई एकट्या वर जाऊन देवदर्शन करून येत आणि नाना खाली चपला सांभाळत. "वरून सगळं पुणं दिसतं हो, एकदा चला ना," असं त्या सुरुवातीला गोड आवाजात म्हणत. "मी खालून रोज बघतो," असं नाना सांगत. कसबा पेठेतलं घर तळमजल्यावर; पण त्यातही माळ्यावरचे डबे कुसुमताईच काढत.

"जा की हो," कुसुमताई आत्ता चहा गाळत म्हणाल्या. "तोरण्यापेक्षा लहानच असेल."

'मला भीती वाटते' हे तीन शब्दांचं काम नानांना शक्य नव्हतं. नातीच्या डोळ्यांत ते राजगडावर उभे होते. तिथून खाली उतरायचं म्हणजे पुन्हा उंचीचाच प्रश्न. मात्र एखादा नियम आडवा आला तर त्याला कोण काय करणार? नाना वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं ते बाजारात शिरले की तराजूचे काटे आपोआप सरळ होत. अजूनही त्यांच्या खिशात पोलादी टेप असे. नियम शोधून सापडला नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

आकाशपाळण्यापाशी पोचताच त्यांनी वर अजिबात न बघता थेट फलक गाठला. मोठ्या अक्षरांत दहा नियम होते. तिसरा वाचून त्यांना परमेश्वराच्या अस्तित्वाची खात्री पटली. चार फुटांहून कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नव्हता.

पाळणा चालवणाऱ्या कोंडीरामने ऋचाला खांबावरच्या लाल रेघेला उभं केलं. "पोरगी न्हाई बसत, आजोबा. बोटभर कमी हाय."

ऋचाचा चेहरा पडला. नानांनी शक्य तितका दुःखी चेहरा करून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चल बाळ, कुल्फी खाऊ." सुटका झाली होती. पण निघता निघता त्यांची नजर त्या लाल रेघेवर पडली आणि छत्तीस वर्षांची नोकरी उसळून वर आली. त्यांनी टेप काढली, खांबाला लावली.

"हे चार फूट नाहीत!" नाना गरजले. "हे चार फूट एक इंच आहेत! हा मापात पापाचा प्रकार आहे!"

मग त्यांनी त्याच टेपने ऋचाला मोजलं. चार फूट पाव इंच. आकडा मोठ्याने वाचून झाल्यावर आपण काय केलं, हे नानांच्या लक्षात आलं. ऋचा टाळ्या पिटत होती. कुसुमताई नवऱ्याकडे कौतुकाने बघत होत्या, असं निदान लांबून वाटत होतं.

गडबड ऐकून तेजस नावाचा तरुण मॅनेजर वॉकीटॉकी घेऊन धावत आला. "सॉरी सर, एक्स्ट्रीमली सॉरी. रेघ आजच करेक्ट करतो."

"रेघेचं नंतर," नाना म्हणाले. त्यांना सहावा नियम दिसला होता. दुपारी एक वाजता तपासणीसाठी पाळणा बंद. घड्याळात पावणेएक. पंधरा मिनिटं भांडण लांबवायचं होतं, आणि हे काही पुणेकराला शिकवावं लागत नाही. "हा सहावा नियम आपण पाळता का? एक म्हणजे एक! एक वाजून एक मिनिट नव्हे! एक वाजला की पाळणा जागच्या जागी थांबला पाहिजे. ऐकतोयस ना रे, कोंडीराम?"

"ऐकतोय, आजोबा. एक म्हंजे एक."

नाना दुसऱ्या नियमाकडे वळले, मग आठव्याकडे. एकला पाच कमी असताना तेजस घामाघूम झाला. "सर, तुम्ही प्लीज लाइन सोडून आधी बसा. आमच्याकडून व्हीआयपी एंट्री."

"रांग मोडणं मला मान्य नाही!"

"आम्हाला मान्य आहे हो, आजोबा!" रांगेतून वैतागलेला आवाज आला. "बसा एकदाचे. आम्हालाही वाढदिवस असतात."

"चपला खाली काढा," कोंडीराम म्हणाला. नानांच्या चपला कुसुमताईंनी उचलून घेतल्या. दांडा खटकन बसला आणि पाळणा हलला.

पहिली फेरी नानांनी डोळे मिटून केली, दुसरी दात आवळून. तिसऱ्या फेरीत पाळणा सर्वांत वर पोचला आणि एक झोका खाऊन थांबला. खाली कुठेतरी एकाचा भोंगा वाजत होता.

"आजोबा, डोळे का मिटलेत?"

"वाऱ्याचा अंदाज घेतोय. तोरण्यावर असंच करतात." मग बाजारातल्या गलक्यावर चालणाऱ्या आवाजात ते ओरडले, "कोंडीराम! पाळणा का थांबवलास?"

"एक वाजला!" खालून उत्तर आलं. "तुमीच म्हनला, एक म्हंजे एक!"

"अरे, माणसं वर असताना तपासणी करतोस? नववा नियम काय सांगतो?"

"असं कुटं लिवलंय?"

छत्तीस वर्षांत हा प्रश्न नानांनी हजारो जणांना विचारला होता. त्यांना तो कोणी विचारला नव्हता. त्यांनी खाडकन डोळे उघडले, दांड्यावरून पुढे वाकले आणि थेट खाली पाहिलं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सहा मजले खालचा फलक लख्ख दिसत होता.

"वाचतो, ऐक! 'पाळण्यात प्रवासी असताना तपासणी करू नये. प्रथम सर्वांना सुखरूप खाली उतरवावे.' तारखेनिशी सही कोणाची आहे, तेही सांगू का?"

इतर पाळण्यांतल्या अडकलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आजोबा, दहावापण वाचा!" कोणीतरी ओरडलं. तेजस वॉकीटॉकी सोडून तोंडानेच "चालू कर, चालू कर!" असं किंचाळला आणि पाळणा सुरू झाला. नाना मात्र पुढे वाकलेलेच होते. कोंडीरामवर नजर ठेवणं आवश्यक होतं.

खाली आल्यावर तेजसने स्वतः दांडा उघडला. "वेलकम बॅक, सर. या."

नाना हलले नाहीत. "पाचवा नियम. एका तिकिटावर किती फेऱ्या?"

"पाच, सर."

"झाल्या किती?"

"तीन, आजोबा," कोंडीराम म्हणाला.

"मग दोन राहिल्या. मापात पाप चालणार नाही."

ऋचा उडी मारून उतरली आणि कुसुमताईंना बिलगली. "आजी, सांगितलं होतं ना मी? आजोबा चिडले की घाबरायचं विसरतात!"

"हो गं बाई," कुसुमताई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी उगाच गोड बोलत बसले."

नाना नातीकडे बघत राहिले. मग बायकोकडे. तोरणा, राजगड आणि धुकं, सगळंच एकदम उतरलं. आणि गंमत म्हणजे हलकं वाटलं.

"कुसुम, वरून पर्वती दिसते," ते म्हणाले. "मी आत्ता बघितली. ये, दाखवतो."

कुसुमताईंनी ऋचाला केदारकडे दिलं, हातातल्या नानांच्या चपला खाली ठेवल्या, आपल्या काढून त्यांच्याशेजारी नीट लावल्या आणि तेजसकडे वळल्या.

"जरा लक्ष ठेवा हो," त्या म्हणाल्या. "इथून हलू नका. यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे. काही अडलं तर वरून सांगतील."