जाळ्याचा डबा महाराजांचे दालनी गेला त्याची हकीकत

श्री वीजदेवता प्रसन्न असो. रुसलीच तर जनरेटर तरी धावून येवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका राज्याचे विद्यालयात जे घडले ते यथास्थित लिहितो.

विद्यालयाचे गादीवर मुख्याध्यापक महाराज विराजमान होते. अक्कल बेताची, ऐट भारी. त्यांचे पदरी भोइटेबाई संगणक शिकवीत. बाईंनी नववीचे मुलांस आज्ञा केली की, संगणकांचे जाळे पुस्तक वाचोन येत नाही, हातांनी विणा. मग मुलांनी वायरी सोलल्या, आतील आठ रंगांच्या तारा क्रमाने लाविल्या आणि टोकांस प्लग दाबोन बसविले, आणि तनुजा घोलप नामे मुलीचे बोटांस फोड आले, आणि मग साऱ्या वायरी मधल्या एका डब्यास जोडोन तिने पलीकडील संगणकी निरोप धाडिला, "पोचलं का?" उत्तर आले, "पोचलं गं." वर्गात आनंदीआनंद जाहला.

ही वार्ता महाराजांचे कानी गेली आणि स्वारी तातडीने आली आणि पुसिले, "हा डबा कसला?" बाई म्हणाल्या, "सर, सगळे निरोप यातूनच जातात." महाराजांचा चेहरा पडला. म्हणाले, "सगळं यातून जातं आणि हा मुलांच्या बाकावर? मग मुख्याध्यापक कोण, मी की हा?" ऐसा सवाल शहाणा मनुष्य एकांतीही पुसत नाही. मग डबा महाराजांचे दालनी नेला, करंडकांशेजारी मांडिला आणि वायरी दाराखालोन ओढिल्या. स्वारी बाहेर निघाली की वीज बंद करोन कुलूप घालीत, आणि स्वारी सदैव सत्कार घेत हिंडे. सबब जाळे महाराजांसवे निजे आणि महाराजांसवेच उठे.

पुढे प्रात्यक्षिकास तालुक्याहून परीक्षक आले. निरोप पोचता दाखविल्यावाचून मुलांस गुण नाहीत, आणि महाराज परगावी शाल पांघरोन बसलेले, किल्ली खिशात. बाईंनी फोन केला तो फर्मावले, "थांबवा त्यांना, चहा पाजा." परीक्षक म्हणाले, "चहाला गुण नाहीत, बाई." मुले रडकुंडीस आली. तेव्हा तनुजा परीक्षकांस म्हणाली, "सर, मधे डबा नसला तरी दोन संगणक सरळ जोडता येतात. मी वायर केलीये, लावू का?" तिने लाविली आणि निरोप गेला, आणि मग त्याच वायरीवर एकामागोन एक जोड्या बसल्या, आणि सर्वांचे निरोप पोचले. परीक्षकांनी पुसिले, "आणि बाकीचं जाळं?" ती म्हणाली, "ते मुख्याध्यापक सरांच्या खिशात आहे." परीक्षक हसले आणि सर्वांस पुरते गुण दिले.

दुसरे दिवशी महाराजांनी गरजोन पुसिले, "माझ्या डब्यावाचून परीक्षा झालीच कशी?" बाई म्हणाल्या, "सर, तुमचा आशीर्वाद होता ना." महाराज तत्काळ प्रसन्न जाहले. ऐशा माणसावर रागावणेही फुकट. मग स्वारी पुढील सत्कारास निघताच बाईंनी घरचा जुना डबा वर्गात आणिला, आणि मुलांनी दाराखालील वायरी कापोन, नवे प्लग बसवोन त्यास जोडिल्या.

सारांश इतकाच की, जाळे वर्गात उत्तम चालते. महाराजांचे डब्यातील वायरी उंबऱ्यापर्यंत जातात आणि तेथेच संपतात. हिरवा दिवा मात्र जळतो. तो पाहोन महाराज रोज सकाळी म्हणतात, "सगळं माझ्यावर चाललंय बघा." आणि वऱ्हांड्यातील मुले अदबीने म्हणतात, "हो सर."