पांढरीपांडे काकांचा एक्केचाळीस नंबर

बर्फावर दहा-बारा धिप्पाड माणसं एकमेकांना कडेच्या काचेवर आपटत असायची. हजारो लोक उभे राहून घसा फोडत असायचे. आणि नेमक्या त्या वेळी पांढरीपांडे काका डोळ्यांना दुर्बीण लावून भलतीकडेच बघत असायचे. आमच्या टीमच्या बाकाचं एक टोक होतं, तिथे एक छोटा दरवाजा होता आणि तो दरवाजा उघडायला-लावायला एक दाढीवाला माणूस बसलेला असायचा. काका फक्त त्याला बघायचे.

"काका, गोल झाला!" मी ओरडायचे.

"झाला का? चांगलं झालं," काका दुर्बीण न हलवता म्हणायचे. "हा पाणी पिऊन राहिला."

आइस हॉकीचा एक अख्खा सीझन मी पांढरीपांडे काकांच्या शेजारी बसून पाहिला. ऑक्टोबर ते एप्रिल. मी पुण्याची, कसब्यात वाढलेली. बर्फाशी माझा संबंध गोळ्यापुरता. पण नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला नोकरी लागली आणि माझ्या ऑफिसच्या टीममधली एक मुलगी टेक्सासला बदलून जाताना तिची अख्ख्या सीझनची दोन तिकिटं माझ्या गळ्यात मारून गेली. नवरा दोन मॅचना आला. तिसऱ्या मॅचच्या दिवशी त्याने ऑफिसचा कॉल असल्याचं जाहीर केलं. त्याचे हे कॉल मॅच सुरू व्हायच्या बरोबर आधी यायचे. मी वैतागून बाहेर आले, तर शेजारच्या मिलिंदचे वडील त्यांच्या दारात उभे.

"काका, येता का हॉकी बघायला?"

"ध्यानचंदवाली?"

"नाही, बर्फावरची."

"थांब. टोपी घेऊन येतो."

ते आले ते माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, त्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यात दुर्बीण आणि खिशात टॉर्च अशा थाटात. बाहेर टी-शर्टाची हवा होती. दारावरच्या सिक्युरिटीवाल्या बाईने टॉर्च हातात घेऊन विचारलं, हा कशाला? काका तिला शुद्ध नागपुरी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, इफ लाइट गोज?" इथली लाइट जात नाही, असं ती म्हणाली. काकांनी तिच्याकडे असं बघितलं, की मला तिचीच दया आली.

काका नागपूरचे. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एकतीस वर्षं जनरेटर ऑपरेटर होते. काकू गेल्यावर चार वर्षांनी मिलिंदने त्यांना इकडे आणलं. मिलिंद आणि प्राची दोघं आयटीत, नात सई तिसरीत. मुलगा-सून खरंच चांगले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर अशा गोष्टीत मुलगा-सुनेला उगाच शिव्या बसतात.

तर त्या पहिल्या मॅचला मी काकांना नियम समजावत होते. ही काळी चकती, तिला पक म्हणतात. हे तिघं पुढचे, हे दोघं मागचे, हा जाळ्यासमोरचा गोलकीपर. काका मान डोलवत होते, पण त्यांची नजर बाकाकडे गेली.

"तो कोण आहे, बेटा? एक्केचाळीस नंबर?"

"तो दुसरा गोलकीपर. रिझर्व्ह."

"कधी खेळते?"

"नाही खेळत फारसा. पहिल्याला काही झालं तरच. तोवर दरवाजा उघडतो."

"मग इतकं सामान का बांधून बसला?" त्याच्या पायाला गाद्यांएवढे पॅड बांधलेले होते.

"काही झालं तर पटकन जाता यावं म्हणून."

 काकांनी टोपी नीट केली, दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाले, "बाप्पा! हा तर माझ्या डिपार्टमेंटचा निघाला!"

त्या दिवसापासून नवऱ्याचं तिकीट काकांचं झालं.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "स्टँडबाय म्हणजे रिकामा नव्हे." हे ते कुणालाही ऐकवायचे. आमच्या पुढच्या रांगेत डग नावाचा एक अगडबंब ट्रकवाला बसायचा. त्याने एकदा सहज विचारलं, की तो खेळत तर नाही, मग तुम्ही त्याचं काय बघता? काकांनी डगचा खांदा धरून त्याला खाली बसवलं आणि एक्केचाळीसचा पूर्ण कार्यक्रम दाखवला. बघ, दर पाच मिनिटांनी तो घोटे फिरवते. बघ, दुसऱ्या टीमचा मारणारा कोणत्या हाताने मारते ते पाहून राहिला. बघ, कुणी दमून आला की पाठीवर थाप देते. यातलं मराठी किती आणि इंग्रजी किती होतं, देव जाणे. पण इंटरव्हल झाल्यावर डगने दुर्बीण मागून घेतली.

डिसेंबरपर्यंत आमच्या कोपऱ्यात सात-आठ माणसं एक्केचाळीसची भक्त झाली होती. त्याने दरवाजा वेळेवर उघडला की टाळ्या वाजायच्या. काका वाजवायला सुरुवात करायचे, डग शिट्टी मारायचा. आसपासच्या लोकांना वाटायचं आपलं काहीतरी बघायचं राहून गेलं. एक्केचाळीस छत्तीस वर्षांचा होता, दाढीत पांढरे केस होते. टीव्हीवरचे लोक म्हणायचे, हा याचा शेवटचा सीझन. काका चिडायचे. "शेवटचा कसा? अजून सुरूच कुठे केला त्याला!"

परतीच्या ड्राइव्हमध्ये मी खेळाबद्दल बोलायचे आणि काका एक्केचाळीसबद्दल. आज त्याचं तोंड उतरलं होतं. आज त्याने नवी काठी आणली. मी घरी आले की ईरा, माझी पाच वर्षांची मुलगी, विचारायची, "आई, डिड वी विन?" काकांच्या घरी सई विचारायची, "आजोबा, डिड ही प्ले?"

फेब्रुवारीत टीमचं काहीतरी बिनसलं. एकामागून एक मॅच हरत गेलो. होता होता अशी वेळ आली, की घरच्या मैदानावरची शेवटची मॅच जिंकली तरच पुढची फेरी, नाहीतर सीझन संपला. रविवारी दुपारची मॅच होती. डग शकुन म्हणून आठवड्याची दाढी वाढवून आला होता. काका नेहमीसारखेच होते, फक्त स्वेटर दोनाचे तीन झाले होते.

दुसऱ्या भागात आम्ही दोन-एकने मागे होतो. तेवढ्यात दुसऱ्या टीमचा एक खेळाडू वेगात घसरत आला आणि सरळ आमच्या गोलकीपरवर आदळला. गोलकीपर उठेना. एवढा मोठा हॉल एकदम गप्प झाला. डॉक्टर आला, दोघांनी त्याला धरून उठवलं आणि हळूहळू आत नेलं.

बाकाच्या टोकाचा दरवाजा उघडला. या खेपेला उघडणारा दुसराच कुणीतरी होता. एक्केचाळीस बाहेर पडला.

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं होतं, नाचतील. काकांनी दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवली. 

"काका, अहो बघा ना! आला तो!"

"तू पाहा. मला सांग." त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पहिलाच फटका आला आणि आत गेला. तीन-एक. लोक कण्हले. काकांनी आवाजावरूनच ओळखलं.

"गेला का?"

"गेला."

"होते. होते तसं. पहिल्या झटक्याला धूर निघते. थांब थोडं."

आणि मग एक्केचाळीस तापला. छातीवर घेतला, पायावर घेतला, एकदा तर पालथा पडून हेल्मेटवर घेतला. मी काकांच्या कानात ओरडून सांगत होते. डग मागे वळून, दुसऱ्या कानात, त्याच्या भाषेत सांगत होता. आपले दोन गोल झाले. तीन-तीन. जादा वेळही तसाच गेला. शेवटी एकेका खेळाडूने एकट्याने येऊन गोलकीपरवर मारायचं, असं ठरलेलं असतं. आमच्या एकालाही जाळं सापडलं नाही. एक्केचाळीसने चार अडवले. पाचवा त्याच्या हातमोज्याला लागून, जाळ्याच्या खांबाला लागून, आत गेला.

संपलं. सहा महिन्यांचा सीझन, एका चकतीच्या रुंदीवरून.

डग तोंड झाकून बसला होता. मलाही हुंदका आला, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं. सहा महिन्यांपूर्वी मला पक म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हतं. काकांनी डोळे उघडले. खाली एक्केचाळीस जाळ्यासमोर एकटाच गुडघ्यावर बसला होता. काका उठले, माकडटोपी काढली आणि टाळ्या वाजवायला लागले. आधी एकटेच. मग डग उठला. मग आमचा कोपरा, मग वरची रांग, मग मला आठवतं, सगळेच उभे होते. हरलेल्या मॅचला इतक्या टाळ्या मी परत ऐकल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "सुरू झाला ना, बेटा. बोलावल्याबरोबर सुरू झाला."

"हो, काका."

हायवे लागला. काका आपणहून बोलायला लागले.

"एकतीस वर्षांत एकदाच माझा जनरेटर पहिल्या झटक्याला सुरू झाला नव्हता. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला झाला. वर ऑपरेशन सुरू होतं. चाळीस सेकंद असतील. पेशंटला काही नाही झालं. डॉक्टरांनी टॉर्चवर निभावलं. मला कुणी काही बोललंही नाही. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, सांगायला की माझी चूक झाली. तर ते म्हणाले, लाइट गेली होती का? ठीक आहे, जा." काका खिडकीबाहेर बघत होते. "हजार वेळा सुरू झाला, तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं. मग ते चाळीस सेकंद मीच ठेवून घेतले."

 

सीझन संपल्यावर काकांची भेट कमी झाली. मी कामात, ते त्यांच्या घरात. मे महिन्यात एका दिवशी मी घरून काम करत होते. फोडणी टाकली आणि लक्षात आलं कढीपत्ता नाही. गॅस बंद करून शेजारी गेले. प्राचीच्या कुंडीतला न विचारता तोडायची मला मुभा होती, पण बेल वाजवली.

दार ताबडतोब उघडलं. काका इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पँट अशा तयारीत होते. आणि पायात बूट. घरात, कार्पेटवर, लेस बांधलेले बूट. नागपूरच्या पांढरीपांड्यांच्या घरात!

"कुठे निघालात, काका?"

"कुठे नाही. ये ना."

खुर्ची दाराशी ओढलेली होती. बाजूच्या स्टुलावर फोन, छत्री आणि पाण्याची बाटली.

"मग बूट?"

काका जरा ओशाळले. "सईच्या शाळेच्या फॉर्मवर माझं नाव आहे. काही झालं तर कुणाला फोन करायचा, त्यात. पहिली प्राची, दुसरा मिलिंद, तिसरा मी. माझे गुडघे असे, लेस बांधायला पाच मिनिटं जातात. फोन आल्यावर कुठे बांधत बसू? म्हणून सकाळीच बांधतो. शाळा सुटली की काढतो."

"रोज?"

"शनिवार-रविवार नाही ना."

"कधी फोन आला का?"

"अजून नाही." मग घाईघाईने म्हणाले, "पण रस्ता पाहून ठेवला आहे. उन्हात अठरा मिनिटं लागतात, पावसात बावीस. मिलिंदला सांगू नको हं. तो म्हणेल, बाबा उगाच काहीतरी करतात. त्याने चांगल्या मनाने नाव टाकलं."

मी कढीपत्ता घेतला. चार काड्या पुरल्या असत्या, मी मूठभर तोडला, कारण मान वर करायची माझी तयारी नव्हती.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. ईराच्या शाळेच्या फॉर्मवर पहिलं नाव माझं होतं. दुसरं नवऱ्याचं, जो महिन्यातले पंधरा दिवस शिकागोत असतो. तिसरं ऑफिसातल्या एका मुलीचं, जी तासाभराच्या अंतरावर राहते.  मी त्यात बदल केला आणि संध्याकाळी कुंपणापाशी काकांना गाठलं.

"काका, विचारायला हवं होतं. मी ईराच्या फॉर्मवर तुमचं नाव टाकलंय. चालेल ना?"

काकांच्या हातात झाडाला पाणी घालायची नळी होती. पाणी नुसतंच वाहत राहिलं.

"कितवं?"

"दुसरं. माझ्यानंतर लगेच तुम्ही."

त्यांनी नळी बंद केली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"तिला कशाची ॲलर्जी?"

"शेंगदाण्याची."

"तिची शाळा वेगळी ना, सईपेक्षा? दरवाजा कोणता? पुढचा की बाजूचा?"

"बाजूचा. हिरवा."

"हिरवा," काका म्हणाले. दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ईराला शाळेत सोडून मी गाडीने परत येत होते. वळणावर फुटपाथवरून पांढरीपांडे काका समोरून, ईराच्या शाळेच्या दिशेने येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, झपाझप चालत होते, आणि दर दहा पावलांनी मनगटावरचं घड्याळ बघत होते. मी त्यांना हाक मारणार होते. पण हॉर्नवरचा हात मागे घेतला आणि काच खाली न करता, हळूच, त्यांच्या शेजारून गाडी पुढे नेली. मध्ये थांबवलं असतं, तर त्यांना परत पहिल्यापासून चालावं लागलं असतं.