एस्टर आत्या आणि मानाचा क्रम

घरात पोरीला आतापासूनच ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. वैद्यकीय प्रवेश परीक्षा मात्र दोनदा हुकली होती. आता क्लासच्या सरांनी बजावलं होतं, "रविवारच्या रसायनशास्त्राच्या चाचणीत क्रियात्मक गटांचा मानाचा क्रम चुकला, तर शेवटच्या तुकडीत." शेवटच्या तुकडीला सर नसत, सरांची चित्रफीत असे.

क्रम काही डोक्यात राहीना. मग तिने घरच्यांनाच कामाला लावलं:

आम्ल आजोबा, आंबट फार,
एस्टर आत्या, अत्तराची धार,
अल्डिहाइड बाबा, साखळीच्या टोकाला,
कीटोन काका, मधेच टपकला.

हे मैत्रिणीला पाठवताना बोट पडलं घरच्या ग्रुपवर.

पहिला फोन आत्याचा. "माझ्या अंगाला वास येतो होय गं?"

"सुवास, आत्या! पिकल्या फळांचा!"

"मग दुसरी का? तुझ्या बापाचं लग्न कुणी जमवलं?"

काका तर जातीनेच आले. "मी मधेच टपकतो?" असं म्हणत ते आजोबा आणि बाबांच्या मधोमध सोफ्यावर बसले. "आणि दादा माझ्या आधी कसा? शिकलोय जास्त मी."

"मी आंबट नाही," आजोबा म्हणाले. दूध नासावं असा सूर होता.

बाबा दाराशी उभे होते. "मला कुठेही चालेल," ते म्हणाले, आणि ‘चालेल’ म्हणणाऱ्याला जिथे ठेवतात तिथेच त्यांना ठेवण्यात आलं.

पोरीला शांतपणे अभ्यास करता यावा म्हणून तिच्याच खोलीत तीन बैठका झाल्या. शनिवारी तह झाला: आत्या पहिली, काका दुसरे, आजोबा ‘सन्माननीय’ तिसरे, बाबा शेवटी.

रविवारी हातानं तहच लिहिला.

"हा क्रम कुठल्या पुस्तकातला?" सरांनी विचारलं.

"बैठकीत ठरला, सर."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. "बुधवारी तोंडी घेतो. शेवटची संधी."

ही बातमी घरी पोचली आणि मानाच्या पाटावरची जागा एकाएकी तापली.

"मी बाई कधी म्हणाले पहिली?" आत्या कानावर हात ठेवून. "वडिलांच्या पुढे बसायची माझी टाप आहे?"

"दादा असताना मी आधी कसा?" काकांनी मोठेपणा दाखवला.

"म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर," आजोबा म्हणाले. "बरं. पहिला मीच."

बाबा आपोआप एक पायरी वर चढले.

क्रम बिनचूक बसला. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी तो एका दमात म्हणून दाखवला आणि शेवटची तुकडी टाळली. संध्याकाळी सगळे चहाला जमले. आपल्यामुळेच जमलं, असं प्रत्येकाचं मत होतं.

"मी कुठे आहे गं त्यात?" आईने चहा गाळता गाळता विचारलं.

पोर गडबडली. मग म्हणाली, "आई, तू कार्बनची साखळी. हे सगळे तुलाच लटकलेत."

"तिच्यावर प्रश्न किती मार्कांचा?"

"साखळीवर प्रश्न येत नाही, आई."

"वाटलंच," आई म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करू लागली. आधी आजोबांचा, मग आत्याचा, बाबांचा, काकांचा.