बिनगिअरचा जावई

आमचे भगवानमामा नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. आधी विचारतात, "गाडी कंची? गिअरची का बिनगिअरची?" उत्तर ‘गिअरची’ आलं की लगेच चहाची ऑर्डर. ‘बिनगिअरची’ आलं की तोंड असं करतात, जणू घासात केस आलाय. गाडीच नाही म्हणणारा मात्र त्यांना चालतो. "अजून बिघडला न्हाय बिचारा," म्हणतात.

मामा धाराशिवात एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण दारातली छोटी पांढरी गाडी कचेरीच्या काळातलीच. ऑटोमॅटिक गाडीवर त्यांचा राग का, हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे. "पाय दाबला की ती आधी इचार करती, मग पळती. तवर म्होरचा ट्रक सोलापुरात! आन् चढाला? गिअरच्या गाडीत सेकंड टाकला की इंजिनाचा दम सरळ चाकात. हिच्यात निम्मा दम गिअरबॉक्सच्या तेलातच विरघळतो."

हे ते कटिंगच्या दुकानात सांगतात, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांना सांगतात. एकदा तेराव्याच्या पंगतीत सांगितलं. ज्यांची आई गेली होती ते गृहस्थ वाढत होते आणि मामा त्यांना हाफ क्लच समजावत होते. मी त्यांच्या शेजारी बसून भातात बोट फिरवत राहिलो. मान वर करायची सोय नव्हती.

शेजाऱ्यांनी नवी गाडी आणली, तेव्हाही तेच. वहिनी चाकापुढं नारळ फोडायला वाकलेल्या, आणि मामा खिडकीतून आत डोकावून म्हणाले, "आन् डाव्या पायानं करायचं काय? ताल धरायचा?" वहिनींचा नारळ दोनदा हुकला. मी रांगोळीकडं बघत उभा.

मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरात मामा आणि मुलगी सारिका, दोघंच. मामी गेल्यापासून मामांचं गिअरपुराण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सारिकाला स्थळं येत, ती काही ना काही कारण काढून परत पाठवी. पण ईट गावचा प्रशांत तिला आवडला. शेती, दुधाचा धंदा, बोलणं शांत. अडचण एकच: मुलाकडचे आले ते बिनगिअरच्या गाडीतून.

पोह्यांची ताटली हातात घेतल्या घेतल्या मामांनी विचारलं, "क्लच दाबता येत न्हाय व्हय?"

मुलाच्या आईचा चमचा तोंडापाशी थांबला. आतल्या दाराशी सारिकानं कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता फरशी दुभंगावी.

प्रशांत म्हणाला, "येतो की, मामा. आईची पाठ दुखती, गचके सोसत न्हाईत. म्हणून ही घेतली."

"मग दमाचं काय?"

"जुन्या गाड्यांचं तुमी म्हणता ते खरंच हाय. पण आपण क्लच दाबतो तेवढा वेळ चाकाचा जोर तुटतोच ना? ही झटक्यात गिअर बदलती, जोर तुटू देत न्हाय. पाय पुरा दाबला की स्वतःच खालच्या गिअरवर येती."

"पोरगं वाचून आलंय," मामा माझ्याकडं बघत मोठ्यानं म्हणाले. मंडळी गेल्यावर मात्र एवढंच बोलले, "बरंय पोरगं. गाडी सोडून."

लग्न ठरलं. बस्ता सोलापुरात बांधला. येताना प्रशांतच्या गाडीत त्याची आई आणि सारिका, मामांच्या गाडीत मी, मांडीवर साड्यांचं गाठोडं. तामलवाडीत चहाला थांबलो, आणि मामांना राहवलं नाही. टपरीवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "जावईबापू, आता घाट येतोय तुळजापूरचा. बघू कुणाचा दम किती ते!"

प्रशांत हसला. सारिका हसली नाही. "बाबा, नीट या," म्हणाली.

घाट लागला. प्रशांतची गाडी उसाची ट्रॉली मागं टाकून सहज वर गेली. आम्ही ट्रॉलीच्या मागं. वेग पडला, इंजिन कण्हायला लागलं. "मामा, सेकंड," मी म्हणालो. मामांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता, पण दांडा हलेना. त्यांनी स्टिअरिंग सोडून उजवा हात आडवा घातला, गाडी वाकडी झाली, घरघरली आणि बंद पडली. मग मागं घसरायला लागली.

"ब्रेक! मामा, ब्रेक!"

त्यांनी पाय दाबला. हॅण्डब्रेक मी ओढला. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. "ओ आजोबा, घरी बसा की!" तो ओरडला. पुढून-मागून गाड्या, खिडक्यांतून वाकलेली तोंडं. मी घाईनं खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. परत आलो तर मामा समोर बघत बसले होते, कान लालभडक.

"मानेचा मणका," ते हळूच म्हणाले. "डाव्या हातात जोरच न्हाय, चार वर्सं झाली. तुझी मामी शेजारी बसून गिअर टाकायची. म्या क्लच दाबायचो, ती टाकायची. ती गेल्यापासनं गावात, सपाटीला थर्डवरच ओढतोय."

"मग मामा, ऑटोमॅटिक घ्यायची ना!"

"डाक्टर तेच म्हणला. पण ती दारात दिसली की सारिका इचारणार, का घेतली. कळलं की लगीन करायची न्हाय ती. हितंच बसंल माझा हात धरून."

तेवढ्यात प्रशांत उतारावरून चालत आला. वर वळणावर गाडी थांबवून, सारिकाला ती चालवत पुढं न्यायला सांगून आला होता. त्यानं दगड बघितला, मामांचा मांडीवर पडलेला हात बघितला. मला मागं बसायला सांगून तो माझ्या जागेवर बसला.

"मामा, तुमी क्लच दाबा. गिअर म्या टाकतो."

"न्हाय, तूच घे इकडं, चालव."

"गाडी तुमची हाय."

मामांनी तोंड खिडकीकडं केलं. टेम्पोचा हॉर्न चालूच होता. मग त्यांनी चावी फिरवली, डावा पाय दाबला आणि पुटपुटले, "फस्ट." मी उतरून दगड काढला, पळत येऊन मागं बसलो. "सेकंड." प्रशांतनं टाकला. गाडी चढाला लागली. सबंध घाटात मामा गिअर सांगत राहिले, प्रशांत टाकत राहिला.

तुळजापुरात शिरताना प्रशांतची गाडी कडेला उभी होती. सारिका धावत आली. "काय झालं? एवढा वेळ?"

"काय न्हाय," प्रशांत म्हणाला. "इंजिन तापलं होतं."

मामा दार धरून उतरले. मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी मान हलवली.

"तापलं-बिपलं काय न्हाय. लग्नाआधीच तुझ्याशी खोटं बोलायला नको त्यानं, तेबी माझ्यापायी. माझा हात चालत न्हाय, सारिका. लई दिवस झाले. तुला सांगायची लाज वाटली. आता हे ऐकून लगीन मोडशील तर याद राख."

सारिकानं त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली. रस्त्यावर प्रसादाच्या पिशव्या घेतलेली माणसं वळून बघत होती.

"सोड, लोकं बघायलेत," मामा म्हणाले.

तिनं सोडला नाही. आणि मामांनी ओढूनही घेतला नाही.