खांद्याला विचारून सांगतो

आमच्या शेजारच्या बापूकाकांना लग्नाची पत्रिका द्या नाहीतर बारशाला बोलवा, ते आधी डोळे मिटतात, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवतात आणि म्हणतात, “खांद्याला इचारून सांगतो.”

खांदाही मोठा शहाणा. जेवायला बोलावलं की लगेच हो म्हणतो. मांडव घालायला बोलावलं की काका तोंड पाडून सांगतात, “खांदा न्हाई म्हणतोय.”

तीस वर्षांपूर्वी जत्रेतल्या कबड्डीत हा खांदा निखळला. फायनल होती, समोर उंब्रजचा संघ. मी लग्न होऊन पलूसला आले तेव्हा या गोष्टीत काकांना धरणारे तिघं होते. परवा ऐकली तर सातही जण त्यांच्या अंगावर! आता आणखी एक वाढला तर पंचालाच आत घ्यावं लागेल.

गल्लीच्या मंडळात मतासाठी हात वर करायला सांगितलं, तर काका ढिम्म. का, तर म्हणे, “उजवा वर जात न्हाई, आन डाव्याला मंडळातलं काय कळत न्हाई.”

काकू वारल्या, मुलगा पुण्याला. त्यामुळे काकांचा गॅस सिलिंडर अंगणातून आत न्यायचा तो मीच. “पोरी, लय जड उचलू नगंस गं,” असं म्हणत ते खुर्चीवर बसून बघतात. काळजी हो किती!

खरा तमाशा रविवारी. ज्याने हा खांदा निखळवला तो उंब्रजचा शंकर, लष्करातून रिटायर झालेला साधा माणूस, दर रविवारी कऱ्हाडला गाडी बदलून तिळाच्या तेलाची बाटली घेऊन येतो आणि तासभर खांदा चोळतो. शनिवारपर्यंत हसतखेळत असलेले काका रविवारी सकाळपासून कण्हायला लागतात. “तुझ्यापायी जन्माचा लुळा झालो रं गड्या!” वर शिव्या. शंकरअण्णा मान खाली घालून चोळतात. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

आणि मग त्या मंगळवारी मी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली काकांच्या शेवग्यावर माकडं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, दगड उचलला आणि उजव्या हाताने असा भिरकावला, की माकडं तिसऱ्या घरावर गेली!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, इतकी वर्षं मी सिलिंडर ओढतेय!

रविवारी मी स्टँडवरच शंकरअण्णांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. “म्हाईत हाय, ताई. चोळणाऱ्या हाताला कळतंय की. चार-पाच वर्सं झाली त्यो बरा होऊन.”

“मग येता कशाला?”

“घरात सगळी हायती, पर माज्याशी बोलाय कुणाला येळ न्हाई. ह्यो निदान तासभर शिव्या तरी घालतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मला कळलंय, हे त्याला सांगू नका. त्यो लाजंल. मग मी कुठल्या तोंडानं यिऊ?”

काकांचं बिंग फोडायला गेले होते आणि डोळे पुसत परत आले. काकांचा राग काही गेलेला नाही. सोमवारी सिलिंडर आला, “पोरी,” अशी हाक आली, आणि मी दात-ओठ खात तो आत नेऊन ठेवला.

गेल्या रविवारी गाडीला उशीर झाला. काका दहा वाजल्यापासून फाटकात. अकरा झाले, साडेअकरा झाले. चहा दोनदा गरम करून झाला. “कऱ्हाडची गाडी बंद झाली का गं?” मला तीनदा विचारलं. खांद्याचं नावसुद्धा नाही. उन्हात डोळ्यांवर उजवा हात आडवा धरून ते रस्त्याच्या टोकाकडे बघत उभे होते.

तेवढ्यात कोपऱ्यावर शंकरअण्णा दिसले.

“काका, हात!” मी कुंपणावरून हळूच म्हणाले.

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, हात झटकन खाली घेतला आणि मोठ्यांदा कण्हायला लागले.